मोठा कंडेन्सर टाकू देऊ नकोस

पलूस,
अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

चि. सोनूस,


मोबाइलवर पाठवलेली तिन्ही कोटेशनं चष्मा पुसून पुसून वाचली. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसती ‘हं, हं’ करतेस आणि मागं तुझ्या ऑफिसची मीटिंग चालू असते. म्हणून सावकाश लिहायला बसलो. कागद असला की रविवारी सोसायटीच्या मीटिंगला हातात धरून बोलता येईल. इकडं सगळं ठीक. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो. तुझ्यासाठी कुरडयांचा डबा भरून ठेवलाय, पुण्याकडं कोण निघतंय याची वाट बघतेय. द्राक्षं संपली, बेदाण्याची शेडं भरली, आणि ऊन असं की दुपारी वाइंडिंगच्या टेबलावर बसवत नाही.

सोसायटीचं सेक्रेटरीपद तुझ्या गळ्यात पडलं हे ऐकून तुझी आई हसली, मला मात्र काळजी वाटली. हिंजवडीत राहायचं, दिवसभर फेज थ्रीमध्ये डोकं शिणवायचं, आणि रात्री माणच्या रस्त्यावर अडकलेल्या टँकरवाल्याला फोन लावायचे. त्यात दिवाळीपासून बोअरची मोटर दुसऱ्यांदा जळली. लोक तुलाच विचारणार. तू घाई करशील, हे मला दिसतंय.

बाळ, तुझ्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या कानात अडकून बसली. तू सहज म्हणालीस, ‘मागच्या वेळी मोटर उचलत नव्हती, तर मेकॅनिकनं पन्नासचा कंडेन्सर काढून बहात्तरचा टाकला, मग सुरू झाली.’ सुरू झाली खरी. पण महिना-दीड महिन्यात जळली, हो ना? कोटेशनं नंतर बघू. आधी हे डोक्यात पक्कं कर की कंडेन्सरचा आकडा, म्हणजे मायक्रोफॅरड, त्या मोटरच्या वाइंडिंगवरून ठरलेला असतो. मोठा टाकला म्हणून मोटर ताकदवान होत नाही. स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, ते तापतं, इन्सुलेशन भाजतं आणि मग एक दिवस पॅनेल ट्रिप होतं. बोअरमधून वर काढलेल्या अशा मोटरी मी उघडल्यात. रनिंगची वेटोळी स्वच्छ असतात आणि त्यांच्या शेजारी स्टार्टिंगची तेवढी काळी पडलेली. वास आला की बोअरवर काय घडलं ते न विचारता कळतं.

आता हे कंडेन्सरचं प्रकरण मुळात काय, ते तुला कॉलेजात शिकवलं असेल, पण परीक्षेनंतर कोण लक्षात ठेवतं! घरात येते ती सिंगल फेज वीज. तिच्यावर एकच वाइंडिंग लावलं तर चुंबकाची ओढ नुसती पुढं-मागं होते, फिरत नाही. मोटर घुमते, ‘घुंऽऽ’ करते, जागची हलत नाही. आजीचं जातं आठव. एकटीनं खुंटा नुसता पुढं-मागं केला तर वरचा दगड हिंदकळतो. दुसरी बाई काटकोनात बसली आणि पहिलीची ओढ संपता संपता तिनं आपली ओढ लावली, की जातं गरगरायला लागतं. मोटरीत रनिंगचं वाइंडिंग ही पहिली बाई, स्टार्टिंगचं ही दुसरी. दुसरीची ओढ नेमक्या वेळी यावी याची व्यवस्था कंडेन्सर करतो. तो स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधला करंट पुढं ढकलतो, जवळपास पाव फेऱ्यानं. आकडा चुकला की वेळ चुकते आणि दोघी एकमेकींच्या विरुद्ध ओढायला लागतात.

कोटेशनांत ‘कपॅसिटर’ लिहिलंय तो हाच कंडेन्सर, आणि तिन्हींत एवढाच फरक आहे, की ही दुसरी बाई किती वेळ बसणार.

सगळ्यात स्वस्त कोटेशन आहे ‘कपॅसिटर स्टार्ट, इंडक्शन रन’चं. यात सुरुवातीला मोठा कंडेन्सर लागतो, मोटर तीन-चतुर्थांश वेगाला पोचली की तो आणि त्याचं वाइंडिंग दोन्ही बाजूला होतात. पुढं सगळा भार एकट्या रनिंगवर. उचलायला जोर भरपूर, पूर्ण भाराला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त. पण चालताना ती मोटर सेकंदाला शंभर वेळा थरथरते, पॉवर फॅक्टर खराब, त्याच कामाला करंट जास्त. जमिनीवरच्या गिरणीला, कॉम्प्रेसरला ठीक. तासन्‌तास चालणाऱ्या पाण्याच्या पंपाला मी ती घेणार नाही. स्वस्तातली आहे म्हणून तुझे अध्यक्ष तिच्यावरच बोट ठेवतील, ते धरून चाल.

दुसरं ‘परमनंट कपॅसिटर’. एकच कंडेन्सर, कायम जोडलेला. रिले नाही, स्विच नाही, बिघडायला फारसं काही नाही. चालताना शांत, करंट कमी. उचलायचा जोर मात्र बेताचा, पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास. तरी छोट्या पंपांना हीच मोटर सर्रास लावतात, कारण पंपाचा स्वभाव तिला मानवतो. पंखा उभा असताना पाणी त्याला फारसं अडवत नाही. वेग दुप्पट झाला की अडवणूक चौपट होते, म्हणजे खरा भार मोटर वेगात आल्यावरच पडतो. तुमच्या जमिनीखालच्या टाकीत आडवा झोपवलेला जो ओपनवेल पंप आहे, जो गच्चीवर पाणी चढवतो, त्याला परमनंट कपॅसिटरच हवा. त्याला उगाच भारी पॅनेल लावून पैसे घालवू नका.

तिसरं कोटेशन ‘कपॅसिटर स्टार्ट, कपॅसिटर रन’. यात दोन कंडेन्सर. एक मोठा, तो फक्त उचलताना. दुसरा लहान, तो कायम. पहिल्या प्रकारचा जोर आणि दुसऱ्याचं शांत चालणं एकत्र मिळतं, किंमतही अर्थात जास्त. तुमच्या दीड हॉर्सपॉवरच्या बोअरला, एवढ्या खोलीला आणि तिथल्या संध्याकाळच्या व्होल्टेजला, मी हेच घेईन. बऱ्याचदा खाली मोटर तीच असते, वरचं पॅनेल तेवढं वेगळं, म्हणून दुकानदाराला नुसता ‘दीड एचपी’ सांगू नकोस. मोटर बनवणाऱ्यानं कुठले दोन आकडे दिलेत ते नेमप्लेटवरून आणि त्याच्या तक्त्यावरून ताडून घे, आणि पॅनेलमधले कंडेन्सर तेच आहेत का ते बिल देण्याआधी बघ.

हे बघायचं कसं? पॅनेलचं झाकण उघडलेलं असेल तेव्हा (मेन बंद, आणि मेकॅनिक समोर हवा, हे पुढं सांगतो) आत दोन डबे दिसतील. काळा, बाकेलाइटचा असतो तो स्टार्टचा. त्याच्यावर एकच आकडा नसतो, ‘१२०-१५०’ असा पल्ला असतो आणि व्होल्टेज कमी लिहिलेलं. पांढरट किंवा अल्युमिनियमचा असतो तो रनचा. त्याच्यावर ‘५०’ आणि ‘४४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल. आपल्याकडं लाइन २३० ची, मग ४४० कशाला, असं कुणीतरी मीटिंगमध्ये विचारेल. चालत्या मोटरीत त्या वाइंडिंगमध्ये स्वतःचं व्होल्टेज तयार होतं आणि कंडेन्सरवर लाइनपेक्षा बरंच जास्त येतं, म्हणून. २५० व्होल्टचा स्वस्तातला डबा टाकला तर तो पावसाळाही बघणार नाही. रनच्या डब्यावर एक इंग्रजी अक्षरही छापलेलं असतं, आयुष्याचा वर्ग. ‘बी’ म्हणजे दहा हजार तास, ‘सी’ म्हणजे तीन हजार. दुकानात हे कुणी विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून बोलत नाही. तू विचार.

स्टार्टचा डबा हा काही सेकंदांचा धनी. तो तासभर लाइनवर राहिला तर फुटणारच, तासभर कशाला, काही मिनिटंसुद्धा पुरतात. तुमच्या पॅनेलला हिरवं बटण आहे, बरोबर? त्या बटणालाच दोन कॉन्टॅक्ट असतात. बटण दाबलेलं असेपर्यंत स्टार्टचा कंडेन्सर जोडलेला राहतो, बोट उचललं की सुटतो. आता तुमचे वॉचमनकाका काय करतात ते एकदा जाऊन बघ. माझी खात्री आहे, ते बटण अंगठ्यानं रेटून धरतात आणि वरून पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत सोडत नाहीत. चांगला माणूस असेल, कामात कसूर नको म्हणून धरत असेल. त्याला रागावू नकोस. ‘काका, एक-दोन-तीन म्हणायचं आणि सोडायचं,’ एवढंच सांग. तिनात नाही उचलली तर परत परत दाबायचं नाही, तुला फोन करायचा. आणि बटण जुनं होऊन आतच चिकटतं का, तेही बघ. ऑटोमॅटिक पॅनेलमध्ये हे काम रिले करतो. तुमच्याकडं वॉचमन दर चार महिन्यांनी बदलतात, तेव्हा दोन पैसे जास्त गेले तरी रिलेवालं घ्या.

आता मूळ दुखण्याकडं येतो. मोटर उचलत नव्हती, ती का? मेकॅनिकनं हा प्रश्न विचारलाच नाही, मोठा डबा टाकून मोकळा झाला. मला संशय केबलचा आहे. तू लिहिलंस तशी अडीच चौरस मिलिमीटरची केबल आहे, आणि पॅनेलपासून मोटरपर्यंत अंतर शंभर मीटरच्या जवळ. गणित तू माझ्यापेक्षा चांगलं करशील. अडीचच्या तांब्याला किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास रोध धर. वीज खाली जाते आणि परत येते, म्हणजे दोनशे मीटर, दीड ओहम. मोटर चालताना दहा अँपिअर घेते तेव्हा पंधरा व्होल्ट वाटेतच गेले. उचलताना चौपट करंट लागतो, तेव्हा साठ. संध्याकाळी सगळ्या फ्लॅटचे एसी सुरू झाल्यावर तुमच्याकडं वर २१० असतील तर खाली पोचले दीडशे. आणि मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. दीडशेला तो निम्म्याच्याही खाली येतो. चार चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर साठाचे सदतीस होतात. म्हणून म्हणतो, नवी मोटर सोडताना केबल बदला. तिन्ही कोटेशनांत ‘केबल जुनीच वापरू’ असं लिहिलंय, आणि त्याच ओळीवर मी लाल पेननं गोल केलाय.

आमच्याकडं शेतात कंडेन्सरचा वेगळाच खेळ चालायचा, तुला आठवत नसेल, लहान होतीस. भारनियमनाच्या दिवसांत तीन फेजपैकी एक काढून घ्यायचे, गावात दिवे लागावेत आणि शेतातल्या मोटरी बंद राहाव्यात म्हणून. पण ऊस वाळताना दिसला की माणूस गप्प बसत नाही. थ्री फेजची मोटर कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवायची, ही विद्या शिवारात घरोघरी पोचली. माझ्या टेबलावर तेव्हा जळक्या मोटरींची रांग असायची आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की अख्खा शिवार पंधरा-पंधरा दिवस अंधारात. धंदा माझा झाला, पण बघवत नव्हतं. त्यातच सगळ्यांचे ऑटोस्विच. लाइट आली की शे-दीडशे मोटरी एकाच क्षणी उचलायला लागतात आणि डीपी बसतो. महावितरण आजही सांगतं, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. तो कपॅसिटर मात्र वेगळा गं, तो थ्री फेज मोटरीला पॉवर फॅक्टर सुधारायला लावतात, मोटर उचलायला नाही. मीटिंगमध्ये कुणी पेपरात वाचून ‘महावितरण तर कपॅसिटर मोठे लावा म्हणतंय’ असं म्हणालं, तर गोंधळू नकोस.

तुमच्या सोसायटीला कॉमन मीटर थ्री फेज आहे का, ते एकदा विचारून घे. लिफ्ट आहे म्हणजे बहुधा असणारच. मग पुढच्या वेळी, जेव्हा तीन एचपीचा विषय निघेल, तेव्हा थ्री फेजचीच मोटर घ्या. तिला उचलायला कंडेन्सर लागतच नाही, तीन फेज स्वतःच फिरतं क्षेत्र तयार करतात. फक्त एक फेज गेला तर ती जळते, म्हणून पॅनेलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवा.

पाण्याचंही थोडं बोलतो, कारण मोटर कितीही चांगली घेतली तरी खाली पाणी नसेल तर ती काय उपसणार? हिंजवडी काय, माण-मारुंजी काय, सगळा काळा कातळ. बेसाल्टमध्ये पाणी सापडतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात. खोल गेलं की पाणी मिळतंच असं नाही. मिळतंच, हा अर्ध्या शहराचा भ्रम आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपलीकडच्या विहिरींना खोल विहिरी धरून त्यांच्यावर निर्बंध घातले, ते उगाच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय तर तुमच्या पुण्यातच आहे. नवं बोअर मारायचा कुणी आग्रह धरला तर आधी तिथल्या माणसांशी बोला. नवलाची गोष्ट बघ, ज्या मुळशी तालुक्यात तू राहतेस, त्याच तालुक्यातल्या मुळशी धरणासाठी १९२१ साली शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. त्या धरणाचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजघराला जातं आणि तुम्ही टँकरची पावती फाडता. असो, त्यावर तुझ्या आजोबांनी दोन तास घेतले असते.

तर वैशाखात बोअरची पातळी उतरते. पंप पाणी उपसून संपवतो आणि कोरडा फिरत राहतो. सबमर्सिबल मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळंच. पाणी थांबलं की ती आतल्या आत शिजते, आणि वर पॅनेलपाशी उभ्या माणसाला काही कळत नाही. तेव्हा कोरड्यावर बंद पडणारं संरक्षण पॅनेलमध्ये हवंच, मोटर बोअरच्या तळापासून दहा-पंधरा फूट वर टांगलेली हवी, आणि उन्हाळ्यात सलग चालवण्याऐवजी तासभर चालवून दोन तास बोअरला भरू द्यावं. बंद केल्यावर लगेच परत चालू करायची नाही. पाइपातलं पाणी खाली येताना पंप उलटा फिरत असतो. त्याच वेळी बटण दाबलं तर शाफ्टला हिसका बसतो, आणि तापलेल्या स्टार्टच्या डब्यालाही दम मिळत नाही. पाच मिनिटं जाऊ द्यावीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर उतरल्यावर नदीकाठच्या मोटरींचा आमच्या दुकानासमोर ढीग लागला होता. चिखलानं भरलेल्या, कुणाची कोणती ते ओळखू येईना, प्रत्येकीला चिंधी बांधून त्यावर मालकाच्या गावाचं नाव लिहिलं. त्यात एक गोष्ट परत दिसली. पाण्यानं भरलेल्या मोटरी, ज्यांच्या वाइंडिंगच्या तारेवरच प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, त्यातल्या बऱ्याच धुऊन, सुकवून, मेगरनं इन्सुलेशन तपासून परत चालू झाल्या. पुरात बुडालेल्या जमिनीवरच्या मोटरी आणि पॅनेलं मात्र गेली. तुम्हाला विकणारा तेल भरलेली मोटर स्वस्त म्हणून सांगेल. वाईट नसते ती, पण सील गेलं तर तेल बोअरच्या पाण्यात उतरतं. तुमच्याकडं टँकर आला नाही की तेच पाणी स्वयंपाकघरात जातं. पाण्यानं भरलेलीच घ्या, आणि खाली सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरलंय का ते मेकॅनिकला तुझ्यासमोर दाखवायला सांग. ही पायरी गाळून मोटर सोडणारे मी पाहिलेत.

आता तुझ्या जिवाचं. लहानपणी माझ्या दुकानात येऊन तू स्क्रूड्रायव्हर घेऊन काहीही उघडायचीस, ती सवय गेली नसेल, म्हणून लिहितो. पॅनेलला तू हात लावायचा नाहीस. मेन बंद केला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, मेकॅनिकनंसुद्धा ती आधी बल्ब लावून उतरवली पाहिजे. तो उतरवत नसेल तर तो माणूस बदल. पॅनेलपुढं लाकडी फळी किंवा रबरी मॅट हवी, जमीन ओली असेल तर कुणी जवळ जायचं नाही. पॅनेलच्या आधी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आणि टाकी साफ करायला माणूस उतरणार असेल त्या दिवशी नुसतं बटण बंद करून भागत नाही, ओपनवेल पंपाचा मेन बंद करून त्याला कुलूप, आणि किल्ली तुझ्या खिशात. टाकीत उतरलेला माणूस आणि वर नकळत कुणीतरी दाबलेलं बटण, अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येते. ती तुमच्या सोसायटीतून यायला नको.

मीटिंगला काय बोलायचं ते आता तुला सुचेलच. बोअरला दोन कंडेन्सरवालं पॅनेल, चार चौरस मिलिमीटरची केबल, कोरड्याचं संरक्षण, पाण्यानं भरलेली मोटर. टाकीच्या पंपाला परमनंट कपॅसिटर, आहे तोच चालू द्या. मोटरीवर आयएस ८०३४ आणि आयएस ९२८३ हे मानकांचे आकडे आहेत का ते बघायला सांग. कुणी म्हणेल, ‘एवढ्या पैशात दोन एचपी येते, दीडच का?’ त्यांना सांग, बोअर तासाला जेवढं पाणी देतं तेवढंच मिळणार. मोठी मोटर ते लवकर संपवते आणि कोरडी फिरते. आणि मोटर बसल्यावर पहिल्या दिवशीच करंट, व्होल्टेज आणि दोन्ही कंडेन्सरचे मोजलेले आकडे पॅनेलच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहून ठेवा. रनचा कंडेन्सर दर उन्हाळ्याआधी मोजायचा. दहा टक्क्यांनी उतरला की बदलायचा, पन्नासच्या जागी पन्नासच. पुढच्या वर्षी कुणी बहात्तरचा घेऊन आला तर त्याला ते झाकण दाखव.

तुझ्या पणजोबांना किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नोकरी लागली होती, ते तुला माहीत आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या त्या माळावर कारखाना उभा केला, आधी नांगर, मग पंप. आमच्या घरात पाण्याच्या मोटरीवर जेवताना बोलणं व्हायचं ते तिथूनच. तू कॉम्प्युटरकडं गेलीस याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण परवा तू फोनवर ‘स्टार्टिंग टॉर्क’ असं म्हणालीस तेव्हा मामीला हाक मारून सांगितलं.

हिंजवडीच्या म्हातोबाच्या जत्रेत बगाड बघायला गेली होतीस म्हणालीस, फोटो पाठव. तिथले जुने लोक धरून राहा, मूळ गावकऱ्यांना बोअर कुठं लागतं आणि कुठं नाही ते नकाशाशिवाय ठाऊक असतं. तुझी आई आता महिनाभर इकडंच आहे. रात्री लवकर झोपत जा, डब्यातला भात सकाळी खात जाऊ नकोस.

मोटर सोडायच्या दिवशी नेमप्लेटचा फोटो आधी मला पाठव, मगच सोडायला सांग. दिवस असो, रात्र असो.

तुझा,
मामा

ता. क. जळलेली जुनी मोटर मेकॅनिकला फुकट नेऊ देऊ नकोस. ‘भंगार आहे’ म्हणतील, पण आतल्या तांब्याचं वजन करून बिलातून पैसे कापून घे. आणि नेण्याआधी ती तुझ्यासमोर उघडायला लाव, स्टार्टिंगचं वाइंडिंग काळं आहे की रनिंगचं, त्याचा एक फोटो काढ.